तलावाला ‘टँक’ कोण म्हणालं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसतो. परवा आमच्यातल्या एकाने ठाण्याचा इंग्रजांच्या वेळचा नकाशा पाहिल्याचं सांगितलं. त्यात तलावांच्या जागी ‘टँक’ छापलेलं होतं म्हणे. त्यावरून वाद पेटला. गडकिल्ले फिरणारे एक स्नेही म्हणाले, ‘हा शब्द इंग्रजांनी आपल्या टाक्यावरून उचलला. गडावर पाण्याचं टाकं असतं ना, तेच.’ बँकेतून निवृत्त झालेले दुसरे स्नेही म्हणाले, ‘शब्द पोर्तुगीज आहे, कोशात बघा.’ आता दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. खरं काय? आणि रणगाड्याला टँक का म्हणतात, तेही सांगा.
– तलावपाळीवरचा एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी निकाल सांगते, म्हणजे कट्ट्यावर लगेच कळवता येईल. नकाशावर तलावाला जे ‘टँक’ म्हटलंय, त्या अर्थाच्या बाबतीत बँकवाले बरोबर आहेत. तुमच्या गच्चीवरच्या टँकच्या बाबतीत मात्र गडवाल्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. एकाच शब्दात दोन पाणी मिसळलेत. ते कुठे मिसळले हेही बऱ्यापैकी दाखवता येतं, आणि ती जागा ठाण्यापासून फार लांब नाही.

हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. नकाशावर आम्ही खांबांवरच्या उंच टाकीला ‘ईएसआर’ आणि जमिनीवरच्या टाकीला ‘जीएसआर’ लिहायचो, उद्घाटनाच्या पाटीवर ‘जलकुंभ’ यायचं आणि साइटवर व्हॉल्व्हमनपासून साहेबांपर्यंत सगळे ‘टाकी’ म्हणायचे. जुने नकाशे नव्याने उतरवून घेताना ट्रेसिंगच्या कापडावर तलावाची वेडीवाकडी कड यायची आणि तिच्या पोटात ‘टँक’. आमच्या लेखी टँक म्हणजे मापं असलेली वस्तू, लांबी-रुंदी-खोली आणि वर झाकण. त्या वेड्यावाकड्या कडेत तो शब्द बघून मी थबकायची. पुढे कोश चाळायची सवय लागली, त्याचं एक कारण हा शब्द.

शब्दाचा माग काढताना नुसत्या उच्चारावर जाऊ नये. मराठीतच बघा. शिवणकामातला टाका, देवघरातला चांदीचा टाक, दौतीत बुडवायचा टाक, टाकणं हे क्रियापद, पाथरवटाची टाकी आणि पाण्याची टाकी. कानाला ही सगळी एका घरची वाटतात, पण म्हणून ती एका घरची ठरत नाहीत. पाथरवटाची टाकी संस्कृत ‘टंक’ म्हणजे छिन्नीपासून आली, हे सरळ आहे. तेवढ्यावरून बाकीच्यांना तिच्या दावणीला बांधता येत नाही. इंग्रजीत ‘टँकार्ड’ म्हणून एक शब्द आहे, बिअर प्यायचं झाकणाचं भांडं. टँकशी किती जुळतो! पण तो इंग्रजीत चौदाव्या शतकापासून वापरात आहे, म्हणजे इंग्रज या किनाऱ्यावर उतरण्याच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा पहिल्यांदा साल बघायचं, मग गाव बघायचं, मग त्या वेळचा नेमका अर्थ, आणि उच्चार सगळ्यांत शेवटी.

आता साक्षीदार बोलावू. ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा एक कोश आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा हा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केला आणि तो १८८६ साली निघाला. त्यात ‘टँक’ची नोंद सुरू होते तीच अशी की, ज्यांचा उगम दुहेरी दिसतो, एक भारतीय आणि एक युरोपी, अशा कोड्यात टाकणाऱ्या शब्दांपैकी हा एक. यूलसाहेबांनी दोन्ही बाजूंचे पुरावे प्रामाणिकपणे मांडलेत, म्हणून मला हा माणूस आवडतो.

आपल्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. ड्रमंड नावाच्या इंग्रजाने १८०८ साली मुंबईत गुजराती आणि मराठी शब्दांचं एक पुस्तक छापलं. त्यात मराठी ‘टांका’ आणि गुजराती ‘टांकू’ यांचं वर्णन आहे : दगडाचा किंवा विटांचा, चुन्यात बांधलेला पाण्याचा साठा, बहुतेक घराच्या आत, वरून जवळजवळ पूर्ण झाकलेला आणि भांडं खाली सोडण्यापुरतं लहानसं तोंड ठेवलेला. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स टॉडनेही बिकानेरच्या घराघरांतल्या, पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या ‘टांक्यां’बद्दल लिहिलंय. म्हणजे शब्द आपल्याकडचा अस्सल आहे, आणि तो गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र अशा सलग पट्ट्यात पसरलेला आहे.

ड्रमंडचं ते ‘लहानसं तोंड’ लक्षात ठेवा. गडवाल्या स्नेह्यांना ते डोळ्यांसमोर येईल. ज्यांनी गड केले नसतील त्यांनी कान्हेरीला जावं. येऊरच्या आपल्या डोंगराचंच जंगल पुढे तिथवर पोचतं. तिथे लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेली टाकी आहेत. जमिनीसपाट एक चौकोनी तोंड, माणूस वाकून भांडं बुडवेल एवढं. उतारावरचं पावसाचं पाणी तिथवर आणायला दगडातच कोरलेल्या बोटभर खोलीच्या पन्हळी. तोंडातून आत डोकावलं की खाली पोट ऐसपैस सुटलेलं दिसतं, आणि ऊन योग्य बाजूने असेल तर भिंतीवर छिन्नीचे तिरपे वण ओळीने उठून दिसतात. तोंड लहान ठेवलं की पाण्याची वाफ कमी होते, कचरा कमी पडतो, जनावर आत पडत नाही. माझ्या खात्यात आम्ही मॅनहोलचं झाकण याच कारणांसाठी काढायचो.

एक गंमतीची गोष्ट. ज्या दात्यांनी ही टाकी खोदवून दिली, त्यांनी कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांना ‘टाकं’ म्हटलेलं नाही. त्यांचा प्राकृत शब्द आहे ‘पोढी’. लेणं दिलं, पोढी दिली, असा उल्लेख येतो. नाशिक-जुन्नरकडच्या लेखांतही हाच शब्द भेटतो. पोढी आपल्या बोलण्यातून कायमची गेली आणि वस्तू तशीच राहिली. तेव्हा वस्तू जुनी म्हणून तिचं आजचं नावही तेवढंच जुनं, असं धरून चालता येत नाही.

आता बँकवाल्यांची बाजू. वास्को द गामा १४९८ साली मलबार किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या केरळात, कालिकतला पोचला. त्या सफरीवरच्या एका माणसाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. हे लोक तिथल्या एका देवळाला चर्च समजून आत शिरले. भिंतींवरच्या देवांना चार-पाच हात आणि बाहेर आलेले दात बघूनही त्यांना ते संतच वाटले. त्याच मजकुरात तो लिहितो की, खाली घडीव दगडांचा मोठा ‘तांक’ होता, वाटेत आम्ही पाहिले तसाच. पोर्तुगीज लोक ‘tanque’ असं लिहितात त्या शब्दाचा उच्चार साधारण ‘तांक’.

या वाक्याचं वजन बघा. तो शब्द तो समजावून सांगत नाही. ‘इथले लोक याला असं म्हणतात’ असंही लिहीत नाही. घरून आणलेला शब्द माणूस वापरतो तसा सहज वापरतो. शिवाय तो मलबारात आहे. टांकू-टाकं म्हणणारा आपला पट्टा तिथून उत्तरेला कितीतरी लांब, आणि त्या पट्ट्याशी पोर्तुगीजांची अजून ओळखही झालेली नाही. हिंदुस्थानात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी तो गुजराती-मराठीतून घेतला, हे शक्यच नाही. यूलनेही हाच मुद्दा मांडला आणि माझ्या मते त्याला उत्तर नाही.

आणि त्या शब्दाचे सगेसोयरे युरोपात आहेत. स्पॅनिशमध्ये तळ्याला ‘एस्तांके’, फ्रेंचमध्ये ‘एतां’. पोर्तुगीजमध्ये ‘एस्तांकार’ हे क्रियापद आहे, म्हणजे वाहणारं थांबवणं, पाणी अडवणं. आता ‘तलावपाळी’ हा शब्द सावकाश उच्चारून बघा. पाळ म्हणजे बांध. ठाणेकर रोज ज्या नावाने मासुंद्याकडे जातो, त्या नावातच अडवलेलं पाणी आहे. तेव्हा तलावाला ‘टँक’ हे नाव शोभतं ते पोर्तुगीज अर्थाने. आपण कधीही तलावाला टाकं म्हटलं नाही. मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे, रायलादेवी, एकालाही नाही. मराठी माणसाच्या डोक्यात तळं उघडं असतं आणि टाकं मिटलेलं.

मग हे दोन शब्द भेटले कुठे? इंग्रजांची वखार सुरतेला होती. जहांगीरच्या दरबारात आलेल्या सर टॉमस रो याच्या सोबत एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. १६१६च्या सुमाराचं त्याचं वर्णन आहे : यांच्याकडे नद्यांखेरीज पुष्कळ तळी आहेत, त्यांना हे लोक ‘टँक्स’ म्हणतात. इंग्रजीतल्या या शब्दाच्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक. आणि ‘हे लोक म्हणतात’ हे शब्द बघा. पोर्तुगीज खलाशाला जो शब्द घरचा होता, तो टेरीला इथला वाटतोय. तोवर पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांना शतक उलटून गेलं होतं. बंदराबंदरांत व्यापाराची बोली मोडकीतोडकी पोर्तुगीज होती. सुरतेच्या बाजारात गुजराती माणूस घरातल्या साठ्याला टांकू म्हणत होता, दलाल आणि खलाशी तळ्याला तांक म्हणत होते, आणि नव्याने आलेल्या इंग्रजाच्या कानात दोन्ही एकदमच शिरले. सुरुवातीला त्याने तो तळ्याला लावला. त्याच शतकाच्या शेवटाकडे तो बंद भांड्यालाही वापरू लागला, आणि या दुसऱ्या अर्थाशी आपलं टाकं तंतोतंत जुळतं. यूलही हेच म्हणतो : गुजराती-मराठी शब्द हा इंग्लंडात ज्याला टँक म्हणतात त्या घरातल्या किंवा जहाजावरच्या लहान साठ्याशी मिळताजुळता आहे. आजच्या इंग्रजी कोशांपैकी काही पोर्तुगीज आधी देतात आणि काही गुजराती, ते याच कारणाने. बँकवाल्यांनी एक कोश उघडला असेल. दुसरा उघडला असता तर कदाचित गडवाले खूश झाले असते.

ठाण्यालाही या देवघेवीतून वगळता येणार नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तेव्हा ठाणं ज्या बेटावर आहे ती साष्टीही त्यांच्याकडे गेली, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत ठाणं त्यांच्याच अमलाखाली होतं. आजचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला. त्या दोनशे वर्षांत आपणही त्यांच्याकडून भरपूर घेतलं. पाव आणि बटाटा सगळ्यांना माहीत असतो. पण पाणी भरायचं पिंप पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलंय, बालदी ‘बाल्द’वरून आणि गवंड्याचं घमेलं ‘गामेला’वरून, हे सहसा कुणी सांगत नाही. पाण्याशी रोजचा संबंध येणाऱ्या वस्तूंची नावं हाताहातांतून जातात, पुस्तकांतून नाही. म्हणून ‘आमचाच शब्द’ असा हट्ट मला पटत नाही. आपलं टाकं अस्सल आहे. त्याचा मोठेपणा इंग्रजीने ते उचललं की नाही, यावर ठरत नाही.

मुंबईतली नावं तर हा सगळा घोळ अंगावर वागवतात. गोवालिया टँक, जिथे ८ ऑगस्ट १९४२ला ‘भारत छोडो’चा ठराव झाला. सी. पी. टँक. माझगावकडचं टँक बंदर. आणि दो टाकी, जिला इंग्रजीत ‘टू टँक्स’ म्हणत. हैदराबादेत हुसेनसागराच्या बांधाला टँक बंड. यातल्या काही ठिकाणी आज पाण्याचा थेंब नाही, पण पाटी आहे.

रणगाड्याचं थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट सरळ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती, पट्ट्यांवर चालणारी गाडी बनवायला घेतली. कामाचं नाव होतं ‘लँडशिप’, जमिनीवरचं जहाज. नाव ऐकूनच शत्रूला वास लागला असता. लिंकन गावातल्या कारखान्यात पत्र्याचा हा अवाढव्य सांगाडा कामगारांना दिसत होताच, म्हणून मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहायची गाडी आहे अशी हूल उठवली. १९१५च्या डिसेंबरात लष्करी अधिकारी अर्नेस्ट स्विंटन आणि त्यांचे सहकारी अधिकृत सांकेतिक नाव शोधत होते. ‘सिस्टर्न’, ‘रिझर्व्हॉयर’ अशी पाण्याचीच नावं पुढे आली आणि त्यातलं सगळ्यांत आटोपशीर ‘टँक’ ठरलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर ते प्रथम लढाईत उतरले. गुपित फुटलं तरी नाव चिकटून राहिलं. मराठीने मात्र ही हूल स्वीकारली नाही. ‘रणगाडा’ हा शब्द घडवणाऱ्याला मी मनापासून दाद देते. वस्तू काय आहे ते त्यात लगेच कळतं.

दोघा स्नेह्यांना हे सगळं वाचून दाखवा. वाचायला बँकवाल्यांना द्या आणि मधे मधे टोकायची मुभा गडवाल्यांना.

प्रश्न : ताई, मराठीतून इंग्रजीत नक्की गेलेला, ज्यावर वाद नाही असा एखादा शब्द सांगाल का? शाळेच्या प्रकल्पासाठी हवा आहे.
– इयत्ता नववीतली वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : मुंगूस घे. इंग्रजी ‘मंगूज’ हा मराठी ‘मंगूस, मुंगूस’वरून गेला असं इंग्रजी कोश देतात. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ साली इकडे आला. मुंगूस हा फेरेट नावाच्या लांबट, लहान शिकारी प्राण्याच्या जातीचा, असं त्याने लिहून ठेवलंय. हाच फ्रायर कान्हेरी बघून गेला आणि पुढे कल्याणमार्गे जुन्नरला गेला, म्हणजे तुझ्या घराच्या आसपासच फिरला. प्रकल्पात एवढं जरूर लिही की तेलुगूत ‘मुंगिस’ आणि कन्नडमध्ये ‘मुंगिसि’ आहे. तेव्हा इंग्रजीला शब्द मराठीने दिला, पण त्याची मुळं दक्षिणेकडच्या भाषांत जातात. इंग्रजीत त्याच्या शेवटी ‘गूज’ म्हणजे हंस दिसतो, त्याचा या प्राण्याशी काही संबंध नाही. म्हणून ‘गूज’चं ‘गीज’ होतं तसं याचं अनेकवचन करायचं नाही. ‘मंगूजेस’ लिही. शक्य झालं तर येऊरच्या रस्त्याला सकाळी आईबाबांबरोबर जा. झुडपाच्या कडेने शेपूट लांब करून पळताना तो दिसतो. त्याचं चित्र स्वतः काढ, छापील चिकटवू नकोस.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्या धुण्याची नोटीस लावायची आहे. ‘टँक’ लिहावं, ‘जलकुंभ’ की ‘टाकी’? कमिटीत एकमत होत नाही.
– एक सेक्रेटरी, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : टाकी. जलकुंभ हा महापालिकेच्या उंच, खांबांवरच्या टाकीला ठीक आहे. तुमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी आधी अशाच ठिकाणी चढतं आणि मग तुमच्या आवारात येतं. सोसायटीच्या नोटिशीत तो शब्द परका वाटतो. ‘वरची टाकी’ आणि ‘खालची टाकी’ असं स्पष्ट लिहा, कारण दोन्ही एकाच दिवशी धुवायची नसतात आणि रहिवाशांना नेमकं तेच कळायला हवं. कुठल्या विंगचं पाणी किती ते किती बंद, हे मोठ्या अक्षरात. पाणी सुरू झाल्यावर पहिलं थोडं वाहू द्या, ही ओळ शेवटी घाला. आणि नोटीस लिफ्टच्या शेजारी लावा, मीटररूमच्या दारावर ती कुणी वाचत नाही.